न आखलेली कमान

तीर्थपुरी, शनिवार, १६ डिसेंबर १९८९

जालन्याला हरलो. हरण्याचं काही न्हाई, पण...

माझ्या बास्केटबॉलच्या टीममधली सुनंदा महिनाभरापासून बॉल हातात नसतानाही पळायची. मी ओरडायचो, "बॉल तिकडं, अन् तू इकडं कशाला पळून राह्यली?" ती म्हणायची, "सर, मोकळी जागा धुंडून राह्यले." ग्राउंडवर तीन पॉइंटची कमान आखा म्हणाली, तर मी आखायची पांढरी फक्की वाचवली. इतक्या लांबून कोण टाकतं? वर हा तिचा उद्धटपणा समजून आज तिला बाकावर बसवलं.

अन् समोरच्या पोरी तेच करून राह्यल्या होत्या. बॉल एकीकडं, पोरगी दुसरीकडून फिरून कमानीबाहेर मोकळी. बॉल आला की तिथूनच सरळ रिंगमधी, दोनाऐवजी तीन पॉइंट. आमच्या पोरी रिंगखालीच गर्दी करून उभ्या. मीच शिकवलेलं.

फक्कीचं अर्धं पोतं अजून खोलीत पडलंय. कशासाठी वाचवली होती?

परतल्यावर हेडमास्तरांनी विचारलं, "कसे काय हरले?" मी बिलकुल न अडखळता म्हणालो, "पोरी कमी पडल्या." सुनंदा मागंच उभी होती, मला ठाऊक होतं.

तीच म्हणाली, "हो सर, आम्हीच कमी पडलो."