सुनंदाचं ‘हूज इज धिस?’

प्रिय सुनंदा,

मी आणि पत्र! हसलीस ना? लग्न ठरल्यावरसुद्धा तुला कधी एक ओळ लिहिली नव्हती. पण आज सकाळी वालाच्या शेतात धुकं उतरलं होतं, पलीकडचा बांधही दिसत नव्हता, आणि त्या पांढऱ्यातून आवाज आला, “हूज इज धिस?” मी गर्रकन वळलो. तूच वाटलीस गं! रिसॉर्टवर आलेली एक लहान मुलगी होती, आजीचा हात धरून वालाच्या फुलांकडे बोट दाखवत होती. दोघी तशाच पुढे धुक्यात गेल्या. मी किती वेळ बांधावर बसलो होतो, ठाऊक नाही. घरी आलो आणि आधी वही शोधली.

तो कानातल्याचा दिवस आठवतो तुला? कळंबच्या रिसॉर्टवर चादरी धुवायला लागून तुला जेमतेम दोन महिने झाले होते. उशीच्या अभ्र्यात सोन्याचं कानातलं सापडलं. ओल्या मुठीत धरून तू धावत सुटलीस. पाहुण्या बाई गाडीत बसतच होत्या. “हे तुमचं का?” एवढंच तुला विचारायचं होतं. घाईत तोंडातून निघालं, “मॅडम, धिस इज माय?”

माय म्हणजे माझं! बाईंनी कानातलं हिसकावलं. मॅनेजरने सगळ्यांसमोर तुझी पिशवी उलटी केली. डबा, कंगवा, एक नॅपकिन. दुसरं काय निघणार होतं?

पोशीरला घरापर्यंत तू चालत आलीस. जेवली नाहीस. मी म्हणालो, “सोड ते काम.”

“काम कशाला सोडू? मला विचारता नाय आलं, ते शिकते.”

आणि रविवारी खरंच शाळेतल्या जुन्या गुरुजींच्या ओट्यावर जाऊन बसलीस! कोणाचं म्हणजे हूज. पुढे वस्तूचं नाव असेल तर युअर बॅग, नसेल तर नुसतं युअर्स. माय बॅग, पण एकटं असलं की माइन. स्वयंपाकघराच्या दारामागे खडूने सगळं लिहून काढलंस.

मग काय, अंगणात जे दिसेल ते उचलायचीस. “हूज चप्पल इज धिस? हूज कोयता इज धिस?” एकदा शेजारचे बसले होते, आणि मी हसलो. “आमची मॅडम बघा!” सगळेच हसले. तूही हसलीस, पण त्या दिवसापासून माझ्यासमोर इंग्रजीचा एक शब्द काढला नाहीस. का नाही भांडलीस गं माझ्याशी?

एकदा माझ्या टेंपोची फेरी लवकर संपली म्हणून तुला न्यायला आलो होतो. हे तुला कधी सांगितलं नाही. मागच्या माळावर ओळीने पांढऱ्या चादरी वाळत होत्या, वारा सुटला होता, चादरी फुगत होत्या, बसत होत्या. मधूनच तुझी सावली एका चादरीवरून दुसरीवर सरकत होती. तू एकेका चादरीपुढे थांबून हळूच विचारत होतीस, “एक्स्क्यूज मी, इज धिस युअर्स?” मी हाक मारली नाही. तसाच मागे फिरलो आणि गेटबाहेर उभा राहिलो. अजूनही डोळे मिटले की मी त्या चादरींमध्ये असतो. तू दिसत नाहीस, नुसता आवाज येतो.

त्यानंतर महिनाभरात ती सहलीची बस आली होती. चादरीत तुला एक मळकं, कान तुटलेलं कापडी अस्वल सापडलं. बस सुटत होती. तू आत चढलीस, ते उंच धरलंस आणि म्हणालीस, “एक्स्क्यूज मी, हूज इज धिस?” मागच्या सीटवरून एक रडवेली पोर किंचाळली, “माइन!” घरी येऊन तू हे मला तीनदा सांगितलंस. “माइन म्हणाली बघा ती! माय नाय!” काय चेहरा होता तुझा तेव्हा!

पण मला बोचतं ते दुसरंच. आपल्या घरावर पक्का स्लॅब चढला, तुझ्या चादरींच्या पगारातून. संध्याकाळी तू दारात उभी राहून, किती दिवसांनी, मला इंग्रजीत विचारलंस, “हूज हाऊस इज धिस?” मी छाती काढून म्हणालो, “माइन!” तू पदर खोचलास. मग म्हणालीस, “बरोबर हाय. इंग्रजी बरोबर हाय.” आणि चहा टाकायला आत गेलीस.

ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर एकट्या माझंच नाव होतं. तुझं लावू, लावू म्हणत राहिलो. गेल्या पावसाळ्यात तुझा ताप छातीत उतरला आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. इतकी घाई का केलीस?

आज दुपारी नेरळला आपल्या वैशालीला फोन केला. तिला म्हटलं, “घरावर तुझं नाव लावतोय.” आपली लेक काय म्हणाली माहीत आहे? “बाबा, मला कशाला? घर तुमचं हाय.”

“माझ्या एकट्याचं कधीच नव्हतं गं,” मी म्हणालो. ती फोनवर रडली. मीही.

सोमवारी अर्ज देतोय. उताऱ्यावर आता तुझं नाव चढणार नाही, पण दारावरची पाटी माझ्या हातात आहे. वर सुनंदा, खाली वैशाली, सगळ्यात शेवटी मी. कोणी घर कोणाचं विचारलं, तर इंग्रजीतसुद्धा ‘अवर्स’ म्हणेन, हा शब्द देतो. उच्चार चुकला तर तिथूनच ओरड.

तुझाच,
बबन