दादांच्या गाडीची लाल चिठ्ठी

नाशिक,
दसऱ्यानंतरचा दुसरा रविवार, २००१

तीर्थस्वरूप खंडेराव मामांना,

प्रतिभाचा नमस्कार. आई म्हणाली, ‘साष्टांग’ लिही. पण मी खुर्चीवर बसून लिहिते आहे, तेव्हा जेवढा नमस्कार प्रत्यक्षात होतो आहे तेवढाच लिहिला. उरलेला दिवाळीत समोर आल्यावर पूर्ण करीन. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी फोनवर ‘बरा आहे’ असे सांगितले आणि मागून तुम्ही ‘कुठला बरा’ म्हणालात, म्हणून पुन्हा विचारते. नामपूरच्या बाजारात कांद्याच्या लिलावाला तासन्‌तास उभे राहणे कमी केलेत का? (उत्तर मला माहीत आहे. विचारण्याची पद्धत असते म्हणून विचारले.) इकडे आई ठीक, मी ठीक, मळ्यातला झेंडू ठीक. दादा ठीक आहेत की नाहीत हाच या पत्राचा विषय आहे, पण तिथे मी क्रमाने येते.

दसऱ्याच्या संध्याकाळी दादांनी फूलबाजारातल्या एसटीडी बूथवरून तुम्हाला फोन करून माझी तक्रार केली, की ऐन सणाच्या तोंडावर पोरीने गाडी नापास केली आणि मला टेम्पोत बसवले. त्यावर तुम्ही माझी बाजू न ऐकता निकाल दिलात. तो दादांनी घरी आल्यावर हुबेहूब तुमच्या आवाजात मला ऐकवला: “गाडी चालू व्हयनी म्हंजे पास शे, दाजी. पोरगीले समजाडा.” जेवताना पुन्हा एकदा ऐकवला. मामा, ही गाडी घेताना तुम्ही दोघे बरोबर होतात, तिच्यावरून तुम्ही दोघे एकदा चांदवडच्या घाटात पडलेलेही आहात, त्यामुळे तुमचे मत पूर्ण निःपक्षपाती मानता येत नाही. म्हणून हे लेखी म्हणणे.

वर्षातून एकदा गाडी तपासावी, याबद्दल आपल्या घरात दुमत नाही. किती खोल तपासावी, याबद्दल आहे. तुमच्या आणि दादांच्या पद्धतीत खंडेनवमीला गाडी धुवायची, किक मारायची, हॉर्न वाजवायचा, नारळ फोडायचा, हार घालायचा, आणि मग पुढचे वर्षभर ती चालेल असे गृहीत धरायचे. (नारळ चांगला निघाला तर गाडी चांगली, हेही दादांनी मला गांभीर्याने सांगितले आहे. त्यांच्या मते यंदाचा नारळ उत्तम होता.) माझी पद्धत अंबडच्या कारखान्यातली. तिथे माझे कामच मालाची तपासणी हे आहे. आमच्याकडे माल तर मोजतातच, पण ज्या उपकरणांनी मोजायचे तीही वर्षातून एकदा तपासली जातात, कारण मोजणाऱ्यात चूक असेल तर मोजलेल्या सगळ्यात चूक असते. जो माल नापास होतो त्याला लाल चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर तीन रकाने असतात: दोष, उपाय, सही. दोष दूर होईपर्यंत चिठ्ठी काढायची नाही आणि माल वापरायचा नाही, मग साहेब स्वतः मागायला आला तरी. तशा चिठ्ठ्या मी घरी लाल पुठ्ठा कापून केल्या. (कारखान्यातून आणल्या नाहीत. दादांनी तसे सुचवले असल्यास ते चूक आहे.)

आता या वर्षीच मला हे का सुचले, ते सांगते. श्रावणात एका पहाटे मी दादांच्या मागे बसून बाजारात चालले होते. मखमलाबादच्या नाक्यावर समोर म्हैस आली. दादांनी ब्रेक मारला, पण क्लच त्यांच्या हातून सुटला, गाडीने उडी घेतली आणि बंद पडली. झेंडूचे एक गाठोडे म्हशीपुढे पडले. म्हशीने त्यातले थोडे खाल्ले. दादा म्हणाले, “केबल ताठ झालीय.” मी नवी केबल घातली. पुढच्याच आठवड्यात गाडी पुन्हा तशीच बंद पडली, तेव्हा ते म्हणाले, “नव्या केबली पहिल्यासारख्या येत नाहीत.” मग मी तिला तेल दिले. मग तेल पातळ होते. असे करत आम्ही नवरात्रापर्यंत आलो, आणि गाडीवर झेंडूच्या गाठोड्यांसह रोज पहाटे निघणाऱ्या माणसाला मी फाटकापर्यंत सोडायला जाऊ लागले, जे मी आधी कधी करत नव्हते.

म्हणून खंडेनवमीला, हार घालण्याआधी, मी गाडी पूर्ण उघडली. दादा ओट्यावर बसून बघत होते. “नवरदेव बघायला जातात तेव्हा पण एवढं कोणी बघत नाही,” म्हणाले. (बघायला हवे, असे माझे मत आहे, पण तो विषय या पत्रात नको.) मागच्या ब्रेकचे लायनर झिजले होते, ते मी बदलले. चेन सैल होती, ती ताणली. शेवटी क्लच. फुले तोलायचा दादांचा स्प्रिंगचा ताणकाटा घेतला, आकडा क्लचच्या दांड्याला अडकवला आणि दांडा मुठीला टेकेपर्यंत ओढला. काटा जिथे थांबला तिथे खुणेचा दोरा बांधला. क्लच हलका होता, मामा. माझ्या दोन बोटांनी दबत होता. दादांना म्हटले, बघा. त्यांनी डाव्या हाताने दाबला आणि म्हणाले, “जड हाय.” मी चिठ्ठीवर दोषाच्या रकान्यात ‘क्लच जड’ लिहिले, उपायाचा रकाना रिकामा ठेवला, सही केली आणि चिठ्ठी हँडलला बांधली. गाडी त्यांच्याच शब्दावर नापास झाली, हे तुम्हाला फोनवर सांगितले गेले नसावे.

यानंतर जे झाले त्याला मी जबाबदार नाही. आई पूजेचे ताट घेऊन बाहेर आली आणि तिने गाडीबरोबर चिठ्ठीलाही हळदकुंकू लावले. “गाडीवर नवं काही आलं की त्याला पण लावायचं असतं,” म्हणाली. शेजारच्या रंगूबाईंनी ते कुंपणापलीकडून पाहिले आणि थोड्या वेळाने त्यांच्या भिकनची गाडी ढकलत घेऊन आल्या. (भिकन अंबडलाच शेजारच्या कारखान्यात आहे.) “आमच्या पण गाडीला बांध गं एक. मागच्या साली नुसतं लिंबू बांधलं, तर पाय मुरगळला त्याचा.” मी म्हटले, “मावशी, याचा अर्थ गाडी नापास आहे.” त्या म्हणाल्या, “मग बरंच. नापास गाडीला कोणाची नजर लागत नाही.” यावर काय बोलावे हे मला पदविकेच्या अभ्यासक्रमात शिकवलेले नाही. तपासल्याशिवाय चिठ्ठी मिळणार नाही, एवढेच मी म्हणू शकले, आणि तेच चुकले, कारण दिवेलागणीपर्यंत गल्लीतल्या सगळ्या गाड्या आमच्या ओट्यासमोर रांगेत उभ्या होत्या. मी त्या तपासल्या. ज्यांची गाडी नापास झाली ते चिठ्ठी मिरवत गेले आणि ज्यांची पास झाली ते रुसले. भिकनची गाडी निर्दोष निघाली, तेव्हापासून रंगूबाई माझ्याशी बोलत नाहीत. यंदा आमच्या गल्लीइतकी कसून तपासणी नाशकात कुठे झाली असेल असे मला वाटत नाही, आणि ती कशामुळे झाली हे मी कारखान्यात कोणाला सांगणार नाही.

दसऱ्याला फुले टेम्पोने गेली. दादा चालकाशेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते आणि गिअर कधी बदलायचा ते त्याला सांगत होते. बाकीचे तुम्हाला फोनवर समजले आहे.

समजले नाही ते एवढेच. सणाची गडबड संपल्यावर एका दुपारी मी ताणकाट्याची कडी दाराच्या खुंटीला अडकवली, खालच्या आकड्याला दोरी बांधली आणि दादांना म्हटले, हात टेबलावर टेकवा आणि फक्त बोटांनी ओढा. उजव्या हाताने त्यांनी काटा खुणेच्या दोऱ्याच्या बराच पुढे नेला. डाव्या हाताने काटा दोऱ्यापर्यंत पोहोचला नाही. त्यांनी पुन्हा ओढले. तोंड लाल झाले, पण काटा तिथेच. मग हसून म्हणाले, “काटाच बिघडला असंल.”

 तुम्ही दादांना ओळखता. याच काट्यावर ते इतकी वर्षे बाजारात फुले तोलत आले आहेत आणि कोणी कधी ‘कमी दिले’ म्हटलेले नाही. काटा खोटा असेल तर ते सगळे तोलणे खोटे. ते काट्याकडे बघत बसले.  शेवटी त्यांनी काटा खुंटीवरून काढला, पंच्याने पुसला आणि म्हणाले, “काटा बरोबर हाय.”  डावा हात त्यांनी पंच्याखाली ठेवला होता.

डॉक्टरांनी मानेतली नस दबल्याचे सांगितले आहे. औषध आणि व्यायाम चालू आहे. ताकद हळूहळू येईल, पण तोपर्यंत गाडी चालवायची नाही. दादा त्यांना ‘बरं’ म्हणाले आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, “बाजारापुरती चालवतो. एवढ्या पहाटे रस्त्यावर असतं कोण?” मी म्हटले, म्हैस. तेव्हापासून गाडीची किल्ली माझ्याकडे आहे आणि आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे बोलतो आहोत.

तर, तपासणी किती खोल असावी या प्रश्नाला माझे उत्तर असे की हँडलच्या मुठीशी थांबू नये, ती धरणारा हातही पाहावा. आपला निकाल मागे घ्यावा, एवढीच विनंती. मामींना नमस्कार.

आपली,
प्रतिभा

ता. क. एवढीच विनंती नाही. मामा, दादांना ‘चालवू नका’ असे कृपा करून सांगू नका. त्याऐवजी फोन करून असे म्हणा: “दाजी, प्रतिभाला गाडी शिकायची आहे, रस्त्याचा भरवसा नाही, पहाटे तुम्ही तिच्या मागे बसून लक्ष ठेवा, माझ्यासाठी एवढं करा.” मी म्हटले तर ती दया होईल. तुम्ही म्हटलेत तर ते काम होईल, आणि काम ते टाळत नाहीत. मला गाडी येते आणि माझ्याकडे लायसन्स आहे, हे त्यांना कळू देऊ नका. मी रविवारी अंबडच्या मोकळ्या रस्त्यांवर भिकनच्या गाडीवर शिकले. (ती निर्दोष आहे, हे मला तपासणीआधीच माहीत होते. रंगूबाईंना नव्हते.)

ता. क. २. आज सोमवार. पोस्ट काल बंद असल्याने पत्र घरातच राहिले. पहाटे बाहेर आले तर दादा तयार होते. झेंडूची गाठोडी त्यांनी नेहमीसारखी मागे न बांधता टाकीवर आणि दोन्ही बाजूंना बांधली होती. मागचे सीट रिकामे होते आणि ताणकाटा खांद्याला लावून ते त्याच्या शेजारी उभे होते. मी मनाशी ठरवल्याप्रमाणे म्हटले, “दादा, मला गाडी कुठे येते?” ते म्हणाले, “अंबडला रविवारी भिकनच्या गाडीवर फिरती ती कोण मग? दोन महिने झाले, वाट बघतोय तू कधी सांगती.” तेव्हा तुम्ही फोन करायची गरज उरलेली नाही. नाक्यावर म्हैस होती. मी क्लच दाबून थांबले. मागून माझ्या खांद्यावर हात होता, डावा.

ता. क. ३. संध्याकाळी कामावरून आल्यावर पाहिले तर माझ्या डब्याच्या पिशवीला लाल चिठ्ठी बांधलेली होती. (ती दिवसभर माझ्याबरोबर कारखान्यात होती आणि मला कोणी सांगितले नाही.) अक्षर दादांचे. दोष: हॉर्न वाजवत नाही. उपाय: रोज मागे बसावं लागंल. खाली सही. दिवाळीला तुमची गाडी घेऊन या, ती तपासायची आहे असे ते म्हणतात. उरलेल्या चिठ्ठ्या त्यांनी ताब्यात घेतल्या आहेत. माझी चिठ्ठी मी काढलेली नाही. दोष दूर होईपर्यंत ती काढायची नसते, आणि हॉर्न मी इतक्यात वाजवणार नाही.