पातूरचा नियम

माय, आज दुपारी मी कॉम्प्युटरले हरवलं, अन् हे कोणाले सांगू म्हटलं तर तूच आठवली. कॉम्प्युटर काय असते ते तुले कसं सांगू. टीव्हीसारखाच दिसते, पण यात आपण म्हणू ते होते. तू तर टीव्हीही धड पाहिला नाही. शेजारी पाहायले नेली, तर बातम्या सांगणाऱ्या माणसाले पाहून पदर डोक्यावर घेतला. ते जाऊ दे. मी आता अमरावतीले राहते, राजापेठेत, नातीसंग. ती इथं शिकते, पोरीले एकटी कशी ठेवायची म्हणून लेकानं मले तिच्या खोलीवर धाडलं. खाली शिकवणीचे क्लास, दिवसभर गाड्यांची पोंपों, अन् चार पोळ्या केल्या की मी रिकामी. तिचा कॉम्प्युटर जुना आहे, कोण्या कचेरीनं मोडीत काढलेला. नवा मागायचं हे वर्ष नाही. गावाकडं कापसाले कोणी विचारून नाही राहिलं. तिथं आमच्या गल्लीत लोकं एकमेकाचं दार उगाच वाजवून पाहतेत, घरातला माणूस बरा आहे ना म्हणून. नात म्हणे, "आजी, याच्यात जड काही चालत नाही, पण मी फुकटची सिस्टीम टाकली. लिनक्स म्हणते तिले. म्हाताऱ्या मशीनले बरी असते." मी म्हटलं, "मंग मलेही टाक."

त्या सिस्टीमसंग लहान लहान खेळ येतेत. पत्ते लावायचा एक, जमिनीतले सुरुंग शोधायचा एक. नात कॉलेजात गेली की मी बसते. माऊस धरायले आठ दिवस लागले मले, जात्याचा खुंटा धरल्यावानी धरत होती. आता सुरुंगाच्या खेळात नातीच्या मैत्रिणीही माह्यासमोर टिकत नाहीत. दोनदा वरण लागलं बुडाले, पण ते तुले सांगायचं काम नाही.

मंग नात सोताच खेळ करायले लागली. म्हणे, "आजी, तुह्या लहानपणचा एखादा सांग." मी फरशीवर खडूनं पंचवीस घरं काढली, चिचोके फोडले अन् अष्टा-चंगा मांडला. पांढरे पडतील तेवढी घरं चालायचं, चारही काळे पडले तर आठ. सोंगटी मेली की पहिल्यापासून. तुले हे सारं पाठ आहे, तरी लिहिते. शेवटी मी तिले पातूरचा नियम सांगतला. सोंगटी मेल्याबरोबर पुढच्याच हाताले आठ पडले, तर ती जिथं मेली तिथंच उठते. नातीनं सारं वहीत लिहून घेतलं. महिन्याभरात चिचोके पडद्यावर उडायले लागले, खरेच वाटतेत माय, कड तुटलेला एक चिचोकाही आहे त्यात. खेळ तिनं नेटवर ठेवला, ज्याच्याजवळ असं जुनं मशीन असन त्यानं घ्यावा म्हणून. खाली लिहिलं, सारे नियम जुने अन् खरे, आजीनं सांगतलेले.

आता त्या सिस्टीमची रीतच अशी की काही झाकून ठेवायचं नाही. खेळ आतून कसा बांधला ते कोणीही उघडून पाहते, चूक काढते. मी म्हटलं, म्हणजे आपल्या चुलीवरच्या भाजीत साऱ्या गावानं मीठ टाकायचं. अन् टाकलं कोणीतरी. खुद्द पातूरच्या एका बाईची चिठ्ठी आली. "खेळ बढिया आहे. पण मी पातूरचीच, आमच्या मोहल्ल्यात नानी, खाला साऱ्या दुपारभर हेच खेळायच्या. असा नियम पातुरात कोणी ऐकला नाही. कुठून आणला?" नातीचं तोंड एवढंसं झालं. "आजी, मी खरे म्हणून लिहून बसली. आता तू सांग. खोटा असन तर मी तो काढून टाकते."

काढून टाकते म्हणाली अन् मले आपलं अंगण आठवलं. मी नऊ वर्षांची होती. हरली की रडायची. तू चिचोके ओच्यात भरले अन् म्हणाली, "रडायचं असन तर खेळू नको." मी तेव्हा नुकतीच पातूरले आत्याकडं चार दिवस राहून आली होती, अन् तू कधी गेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी माही सोंगटी मेली, आठ पडले, अन् मी ती उचलून तिथंच ठेवली. "पातूरले असंच खेळतेत." तू माह्याकडं पाहिलं. "असन," म्हणाली. मंग सारी गल्लीच तशी खेळायले लागली. दोन वर्षांनी आत्याच्या पोरीचं लगन निघालं, तू पातूरले गेली अन् मी तापानं घरी. तिथं बाया मांडवात अष्टा-चंगा मांडून बसतेत हे मले माहीत होतं. तापापेक्षा त्याचीच धास्ती. तू आली, गाठोडं ठेवलं, मले बुंदी दिली, अन् अंगणात घरं काढली. तूच माही सोंगटी मारली. मी चिचोके फेकले, चारही काळे. मी हात लावला नाही. तू आपल्या हातानं सोंगटी उचलली, जिथं मेली होती तिथं ठेवली. "पातूरचा नियम आहे ना," म्हणाली, अन् चिचोके गोळा केले.

म्हणून मी नातीले म्हटलं, "काढू नको. पातूरचा नाही, माह्या मायचा आहे तो." पोरीचा जीव भांड्यात पडला. तिनं पातूरच्या बाईले तसं कळवलं. ती म्हणे, "मंग राहू द्या, आमच्या नानीले हाच पाहिजे होता." आता पडद्यावर लिहिलेलं येते, पणजीचा नियम. नको असन त्यानं बंद करावा. मी बंद करत नाही. आज मधल्या घराच्या तोंडाशी माही सोंगटी मेली, अन् पडले आठ. कॉम्प्युटरनं सोता उचलून ठेवली माय, तुह्यावानी.

नातीले अर्धंच सांगतलं मी. नियम मीच मनानं रचला, हरून रडू नये म्हणून, हे अजून तोंडातून निघालं नाही. तुह्या नावावर घातला. आता ती यायची वेळ झाली. हे पान तिच्याच वहीतलं आहे, घडी करून तांदळाच्या डब्यात खालती घालते. भात मीच मांडते.