डाव्या हाताची धार

अ‍ॅशलँड, विस्कॉन्सिन
३ ऑगस्ट १९९८

चि. रेइनो यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणजे सगळं ठीक असणार. काही बिघडलं की तू लगेच लिहितोस. बाबा गेल्यावर त्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या माझ्या अंगणात आल्या, त्यांची दुधारी सुरी मात्र तुझ्याकडे मिशिगनमध्येच राहिली. आता पोळी मधाने जड झाली आहेत. मी एका धारेची नवी सुरी आणली, तर मेणाचं झाकण कापायच्या ऐवजी पोळंच फाडून ठेवलं. मूठ वाकडी, ती काही उलटी धरता येत नाही, आणि मी डावखुरी. शाळेत बाई माझा डावा हात बांधून ठेवायच्या, तेव्हा बाबांनी ती दुधारी सुरी मुद्दाम मागवली होती. उजवीकडची धार त्यांची, डावीकडची माझी. तेवढी घेऊन ये. पुल्ला, आपला वेलचीचा गोड पाव, मी भाजून ठेवते.

तुझी ताई,
लेम्पी

पाइन क्रीक, मिशिगन
११ ऑगस्ट

ती. लेम्पीताईस सा. न. वि. वि.

निघालो होतो, पण हद्दीपर्यंत पोचलोच नाही. ट्रकचा मागचा दिवा गेला होता म्हणून पोलिसाने थांबवलं. सुरी शेजारच्या सीटवर होती. कशाला म्हणून विचारलं, मी मधासाठी म्हणून सांगितलं. त्यावर तो बिचारा डोकं खाजवत बसला. इथे मिशिगनमध्ये भोसकायचं दुधारी हत्यार गाडीत ठेवणं गुन्हा, शिकारीच्या सुरीला सूट. मधाच्या सुरीबद्दल कायदा काहीच बोलत नाही. हरणासाठी आहे म्हणाला असतात तर सोडून दिलं असतं, असं तोच म्हणाला. मला सुचलंच नाही गं. सुरी जप्त झाली आणि माझ्यावर हत्यार बाळगल्याचा आरोप. वकील म्हणतात, हे हत्यार की अवजार ते न्यायाधीशाच्या मनावर. गुन्हा शाबित झाला तर शाळेची बस चालवायची नोकरी माझ्या हातून जाईल. पोरांना काय सांगू, मध काढायला निघालो म्हणून?

तुझा,
रेइनो

अ‍ॅशलँड
१७ ऑगस्ट

चि. रेइनो यास आशीर्वाद.

खोटं बोलायची वेळ आली की तू लहानपणापासून असाच अडकतोस. जाम संपवलास तेव्हाही स्वतःच येऊन सांगितलंस. तुझं पत्र वाचून मी हसले आणि मग रडले. नीट ऐक. सुरी गेली तर गेली. बस जाता कामा नये. ते म्हणतील ते कबूल कर, फक्त हत्यार होतं असं कबूल करू नकोस. मी विजेवर तापणारी सुरी मागवते. ती डाव्या हाताला जमेल न जमेल. बाबांची म्हणून जीव अडकला होता, पण तू त्याहून जास्त आहेस. जेवतोस ना वेळेवर?

तुझीच,
लेम्पी

पाइन क्रीक
२९ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

सुटलो. सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतला. सुरीही परत देतो म्हणाले, पण एक धार बोथट करून दाखवायची, म्हणजे ती दुधारी राहणार नाही. एका धारेची सुरी चालेल ना, असं विचारलं तर बहुतेक चालेल म्हणाले. लेखी द्या म्हटलं तर नुसते हसले.

सुरी घासायला तो पोलीसच माझ्याबरोबर गॅरेजात आला. सहाणेचं चाक सुरू केलं आणि माझा हात थांबला. तो म्हणाला, सोपं आहे, तुम्ही उजव्या हाताचे, उजवी धार ठेवा. बाबांच्या हाताने ती धार झिजून आत वाकलेली आहे, तुला माहीतच आहे. मी तीच चाकाला लावली. पूर्ण घासून होईपर्यंत मला नीट दिसत नव्हतं. पोलिसाला सांगितलं, धूळ गेली.

आता ही सुरी माझ्या हाताला काही कामाची नाही. शनिवारी येतो. तू काप, मी मध काढायचं यंत्र फिरवतो. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा,
रेइनो