काठासाठी बर्फ

१२ जानेवारी १९९७, सकाळी ७
तापमान अकरा. पुण्याच्या फुटपाथवर मिळालेलं पुस्तक संपलं: थंड देशांत नदीकाठ झाडांनी कसे बांधतात. पानगळीत फांद्या तोडायच्या, वसंतापर्यंत गारठ्यात ठेवायच्या, मग काठात ठोकायच्या. यंदा नीरेचा काठ बांधायचाच. कुशाच्या, माझ्या बायकोच्या, समाधीचा ओटा पाण्यापासून सात पावलांवर आलाय.

२० जानेवारी
शेजारच्या गेणबाकडून वाळुंजाच्या, नदीकाठी वाढणाऱ्या त्या झाडाच्या, तीनशे फांद्या तोडून घेतल्या. म्हणाला, आत्ता ओल हाय, लगेच लावा. त्याने पुस्तक वाचलेलं नाही. फांद्या बारामतीला बर्फाच्या कारखान्यात ठेवल्या. मॅनेजरने विचारलं, मासे कोणते?

२ फेब्रुवारी
दोरी लावून ओळ आखली. कुशाने म्हैस बांधायला ठोकलेला खुंट नेमका मध्ये येतो. उद्या उपटायचा.

३ फेब्रुवारी, दुपारी १२
खुंटाला हात लावला आणि पाठीमागे बांगड्या वाजल्या. वळून पाहिलं, कोणी नाही. ब्लडप्रेशर असणार. खुंट उद्या.

८ एप्रिल, पाडवा
कॅलेंडरप्रमाणे वसंत. फांद्या ठोकल्या. तापमान एकेचाळीस. पुस्तकात यानंतर बर्फ वितळतो. आमचा टेम्पोतच वितळला. पुन्हा बांगड्या. घाबरलो नाही, फक्त लवकर घरी आलो.

१९ मे
फांद्या वाळलेल्या दिसतात. विश्रांती घेत असाव्यात, त्यावर पुस्तकात पूर्ण प्रकरण आहे. गेणबाने आठ चुलीत घातल्या. खुंटाला काहीतरी हिरवं चिकटलंय. तण असेल. उद्या दोन्ही उपटतो.

१४ जुलै
कुशाला जाऊन आज वर्ष झालं. म्हशीला पाणी दाखवायला गेली आणि काठ तिच्यासकट गेला. सात वर्षं सांगत होती, "अवं, काठाला वाळुंज लावा." मी उद्या म्हणत होतो. हे लिहायचं नव्हतं.

२४ ऑगस्ट
धरणातून पाणी सोडलं. उरलेल्या दोनशे ब्याण्णव फांद्या वाहून गेल्या. काठ पाच पावलं आत सरकला आणि खुंटापाशी थांबला. ओटा शाबूत.
गेणबाने खुंटाची उघडी पडलेली मुळं दाखवली, केसांसारखी दाट. म्हणाला, "वैनींनी वाळुंजाचा ओला दांडाच ठोकला हुता, तात्या. तुमी उपटणार हुता न्हवं?"
मी म्हणालो, राहून गेलं.

२५ ऑगस्ट
सकाळपासून खुंटाला हात लावून बसलो. चुकलो, एवढंच तिला सांगायचं होतं. बांगड्या वाजल्या नाहीत. बाराला ऊन लागलं, घरी आलो.