आईच्या खोलीतलं कंपोस्ट

चिमे,

तू उठायच्या आत निघतोय. आत्या घसरून पडलीय. पाय प्लास्टरमध्ये आहे, तोंड मात्र शाबूत, त्यामुळे चारेक दिवस तिच्याकडे काढावे लागतील. भाजी फ्रिजमध्ये आहे. गरम करून, बसून खा.

आता मुख्य काम. पालापाचोळा आणि गवत कुजवून मी जे मशरूम लावलेत, त्यांच्या पिशव्या आईच्या खोलीत आहेत. घरात तीच एक खोली थंड. सकाळी उठल्यावर आणि रात्री आल्यावर फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मार, ओतू नकोस. खिडकी थोडा वेळ उघडी ठेव. कंपोस्टवर पांढरी जाळी दिसेल. मागच्या वेळी ओट्याखालची पिशवी टाकलीस तशी बुरशी समजून कचऱ्यात टाकू नकोस, बाई माझे. मशरूम त्यातूनच येतात. आणि वास आता नुसता मातीचा येतो.

आई गेल्यापासून तू त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाहीस, ठाऊक आहे मला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "किल्ली द्या, मी मारते पाणी." मीच नको म्हटलं. राग आला तर माझ्यावर काढ, पिशव्यांवर नको.

हल्ली तू येतेस तेव्हा मी झोपलेला असतो, मी उठतो तेव्हा तू. म्हणून संध्याकाळी मी तिथंच जाऊन बसतो. काहीतरी वाढतंय अशा खोलीत जरा बरं वाटतं.

खुर्च्या दोन ठेवल्यात. खिडकीजवळची तुझी.

बाबा