नाचाच्या खोलीतली ओल

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ सप्टेंबर

चि. आदितीस,

बाबांचा आशीर्वाद. केतनला जय जिनेंद्र सांग.

इकडे पावसानं जरा उसंत दिली आहे. माझा पाय बरा आहे. खरचटलंय, एवढंच फोनवर सांगितलं होतं. बाकीचं बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

आईच्या नाचाच्या खोलीतली लाकडी जमीन खचली. आई गेल्यापासून खोली बंदच होती. जुलैत कुबट वास यायला लागला. खिडक्या उघडाव्यात म्हणून आत गेलो, तर मधोमध फळी मोडली आणि पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. निघेना. फोन स्वयंपाकघरात. हाका मारल्या, पण त्या पावसात कोणाला ऐकू जाणार? दुपारभर तसाच बसून होतो. दुखण्याचं फार वाटलं नाही गं. आपण दिसलो नाही तर चौकशी करणारं या घरात कोणी नाही, हेच सारखं मनात येत होतं. संध्याकाळी पिराजी दूध घालायला आला, त्यानं बाहेर काढलं.

सिकंदरभाई सुतारांनी फळ्या उचलल्या. खाली हातभर पोकळी, आणि तिच्यातले वासे ओलेकच्च, बुरशीनं पांढरे झालेले. तिथं वारा खेळावा म्हणून भिंतीत तळाशी झरोके होते. अंगणात मी फरशा घातल्या, त्यात ते बुजले. आईच्या बागेला पाणी घालायला जीव होईना, म्हणून फरशा घातल्या होत्या.

लाकूड काढून सिमेंट करा, असं मी सांगून टाकलं. आईची विद्यार्थिनी क्रांती मला बघायला आली होती. ती म्हणाली, "काका, सिमेंटवर नाचून पोरींचे गुडघे जातात. बाईंनी लाकूड त्यासाठीच घातलंय की."

"आता कुठल्या पोरी?" मी विचारलं.

"मी आणते."

मग झरोके मोकळे केले, कुजलेले वासे बदलले. आता रोज संध्याकाळी क्रांती तिथं वर्ग घेते. मी बाहेर खुर्ची टाकून ऐकत बसतो. पोरी गेल्या की मात्र घर पूर्वीपेक्षा जास्त रिकामं वाटतं. याची कल्पना नव्हती.

पुण्याला या, असं तू म्हणालीस की मी विषय बदलतो. आता बदलणार नाही. पण आधी तू ये. केतनला सुट्टी नसली तर एकटी ये, चार दिवस राहा. तू परत निघशील तेव्हा मी बरोबर येईन का, ते मला आज खरंच सांगता येत नाही.

सध्या तरी इथलाच,
तुझा बाबा